फोरॅमच्या कवचातून जुना समुद्र कसा वाचायचा: ट्रेपासून मशीनपर्यंत, नवख्यांसाठी

एमएससीला नुकतीच लागलेली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "मास स्पेक्ट्रोमीटर चालवायला शिकायला किती दिवस लागतात?" माझं उत्तरही ठरलेलंच, हलके-जड अणू वेगळे करून मोजणारं ते मशीन दोन आठवड्यांत येतं, पण ट्रेसमोर बसून कवचं निवडायला शिकायला वर्ष जातं. पोरं हसतात. तीन महिन्यांनी मान आखडून, डोळे लाल करून परत येतात तेव्हा नाही हसत.

तर हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय. गोव्यात राहून हा विषय शिकायला मिळणं म्हणजे खरं तर चैन आहे, दोना पावलाला १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ, म्हणजे एका कदंबा बसच्या तिकिटात अख्खा विषय बसतो. पण समोर समुद्र आहे म्हणून विषय आपोआप येत नाही. किनाऱ्यावर जन्मलेल्या सगळ्यांना कुठे पोहता येतं?

आधी गणित काय आहे ते

फोरॅमिनिफेरा म्हणजे एकपेशीय जीव, लॅबमध्ये सगळे नुसतं "फोरॅम" म्हणतात. बरेचसे मिलिमीटरपेक्षा लहान, आणि आपल्याला लागतात ते अंगाभोवती कॅल्साईटचं कवच बांधणारे. काही पाण्यात वरच्या वर तरंगतात, काही तळाच्या चिखलात राहतात. मेले की कवच तळाला जाऊन पडतं, त्यावर चिखल, त्यावर परत कवचं, असं हजारो लाखो वर्षं चालू. कवच बांधताना ऑक्सिजन आणि कार्बन घेतला तो त्या वेळच्या समुद्राच्या पाण्यातून, म्हणून कवच म्हणजे त्या पाण्याची पावती.

ऑक्सिजनचे तीन स्थिर आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमीजास्त वजनाचे अणू), त्यातला १६ वाला जवळजवळ सगळा, ९९.७६ टक्के, आणि १८ वाला जेमतेम ०.२ टक्के. आपलं सगळं काम त्या ०.२ टक्क्यात होणाऱ्या बारीक बदलावर चालतं. हा बदल होतो कसा, ते बघायचं तर पेडण्यातल्या आगरवाड्याचं मिठागर आठवा. उन्हाने पाणी उडतं तेव्हा हलका १६ वाला आधी निसटतो, म्हणून वाफ्यात मागे उरलेलं पाणी थोडं जड होतं. तेच समुद्रावर. उडालेलं हलकं पाणी पाऊस होऊन नदीतून परत आलं तर हिशोब जुळला, पण हिमयुगात ते बर्फ होऊन उत्तरेला जमिनीवर जाऊन बसलं आणि परत आलंच नाही, त्यामुळे अख्खा समुद्र साधारण १ पर मिलने (पर मिल म्हणजे हजारात एक) जड झाला. ही २१,००० वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती, मिरामारची चौपाटी सोडा, किनारा पार पश्चिमेला कुठच्या कुठे गेलेला.

दुसरी गोष्ट तापमानाची. पाणी थंड असलं की कवचात १८ वाला जरा जास्त शिरतो, दर अंशाला साधारण ०.२ ते ०.२५ पर मिल. ही कल्पना हॅरॉल्ड युरीची, १९४७ ची. त्यावरून १९५५ मध्ये चेझारे एमिलियानीने समुद्राच्या गाळातल्या फोरॅमवरून हिमयुगांचा चढउतार काढला आणि त्यातला बराचसा भाग तापमानाचा आहे असं म्हटलं. १९६७ मध्ये निक शॅकलटनने तळाच्या फोरॅमवरून दाखवलं की नाही, त्यातला मोठा भाग बर्फाचा आहे, कारण तळाचं पाणी आधीच इतकं थंड की ते आणखी किती थंड होणार! आकडा तोच, अर्थ दोन. हा घोळ तुमच्याही वाट्याला येणार आहे, त्यावर पुढे बोलू.

नमुना

नवख्याने जहाजाची वाट बघत बसू नये. सागर कन्या, सिंधू साधना ही नावं ऐकून सगळ्यांना क्रूझवर जायचं असतं, जायला मिळालं तर जरूर जा (उलटीच्या गोळ्या न्या), पण पहिलं काम जुन्या कोअरवर करा. कोअर म्हणजे तळाच्या चिखलात पाईप खुपसून काढलेला लांब दांडा, संस्थांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये असे पुष्कळ पडून असतात आणि गाईडने रीतसर मागितलं तर तुकडे मिळतात. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ड्रिलिंग मोहीम ३५५ आपल्या अरबी समुद्रात येऊन लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी ड्रिल करून गेली, तसला मालसुद्धा अर्ज करून मिळतो.

कोअर निवडताना दोन गोष्टी बघा. एक, गाळ किती वेगाने साचला. समजा हजार वर्षांत ५ सेंटिमीटर, तर तुमचा २ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे ४०० वर्षांची एकत्र खिचडी. त्यात दोनशे वर्षांचा दुष्काळ शोधायला जाऊ नका, सापडणार नाही, आणि सापडला तर तो तुमच्या मनातला असेल. शिवाय तळाचे किडे चिखल खालीवर करतात ते वेगळंच. अरबी समुद्राच्या उतारावर ज्या खोलीत ऑक्सिजन जवळपास नसतो तिथे काही जागी किडे कमी, म्हणून थर बऱ्यापैकी शाबूत राहतात, हा आपला फायदा. दुसरं, पाण्याची खोली. फार खोल गेलं की कवचं विरघळायला लागतात आणि पातळ कवचाची जात आधी जाते, मग उरलेल्या कवचांचा आकडा एका बाजूला झुकतो.

आणि हात बसेपर्यंत सरावाला कोअर वापरूच नका. ओहोटीच्या रेषेवरची चमचाभर रेती घ्या, वाळवा, मायक्रोस्कोपखाली धरा. बहुतेक क्वार्ट्झ आणि शिंपल्यांचा चुरा दिसेल, पण मधेच अमोनिया नावाची गुंडाळलेली, गोगलगायीसारखी फोरॅम हटकून मिळते, आपल्या मांडवी-जुवारीच्या मुखाजवळ ती बरीच असते. ती शंभर वेळा ब्रशने उचलून ठेवा. सांडली तरी कोणी रडणार नाही.

धुणं

तुकडा आधी ५० अंशाखाली वाळवून वजन करायचं, मग रात्रभर डिस्टिल्ड पाण्यात भिजवायचा, आणि सकाळी ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या धारेने धुवायचा. चिखल खाली जातो, वर फोरॅम उरतात. बोटाने चोळायचं नाही, ही काय पिठाची चाळण आहे? आणि डिस्टिल्ड पाण्यात चार चार दिवस ठेवायचं नाही, ते पाणी हवेतला कार्बन डायऑक्साईड खाऊन थोडं आंबट होतं आणि कवच हळूहळू खरवडतं. शुक्रवारी भिजवून सोमवारी धुवायला येणारे खूप बघितलेत.

आता चाळणीची गोष्ट, माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची.

माझं पहिलं वर्ष, एका सकाळी घाईघाईत ओळीने तीन सॅम्पल धुतले, आधी कोअरच्या टोकाचा म्हणजे अगदी अलीकडचा, मग दोन हिमयुगातले. मधे चाळणी नळाखाली धरून "झाली साफ" म्हणून पुढचा घेतला. दीड महिन्याने आकडे आले तर हिमयुगातला पहिला सॅम्पल अर्धा पर मिल हलका, म्हणजे हिमयुगाच्या ऐन मध्यात एकदम गरम पाण्याचा झटका! मी दोन दिवस हवेत. ग्राफ रंगवून घेऊन गेलो. मॅडमनी ग्राफकडे बघितलंसुद्धा नाही, विचारलं, "चाळणी निळी केली होतीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे नाही केलीस."

प्रत्येक सॅम्पलनंतर चाळणी मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवायची असते. जाळीत अडकून राहिलेले फोरॅम निळे होतात, मग पुढच्या सॅम्पलमध्ये निळा दाणा दिसला की तो मागचा पाहुणा, बाजूला काढा. पाच रुपयांची गोष्ट. त्या दिवशी उरलेला चुरा परत बघितला, टोकाच्या सॅम्पलमधले स्वच्छ चकचकीत दाणे त्या हिमयुगातल्या मळकट दाण्यांत सरळ ओळखू येत होते, मी निवडताना ते "छान दाणे" म्हणून हौसेने आधी उचलले होते. दीड महिना पाण्यात.

निवडणं

याला इंग्रजी शब्द पिकिंग आहे आणि सगळे तोच वापरतात, पण मला निवडणं हाच शब्द बरोबर वाटतो, कारण आई सुपात तांदूळ घेऊन खडे काढते तेच हे काम, फक्त इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचा. आमच्या घरी मी काय करतो ते कोणाला कळत नव्हतं, हे सांगितल्यावर आजीला लगेच कळलं, आणि तिने विचारलेला प्रश्न म्हणजे अख्ख्या विषयाचं सार होतं: "सगळे एका मापाचे घेतोस ना?"

हो, तेच! एकच जात आणि एकच माप. ६३ वरचा माल वाळवून परत चाळायचा आणि, समजा रुबर ही जात (ओळख पुढे येतेच) घेताय तर, २५० ते ३५५ मायक्रॉनमधलाच घ्यायचा, आणि सगळ्या कोअरभर तेच माप. कारण फोरॅम काही निर्जीव थर्मामीटर नाही. लहान दाणा वेगळा आकडा देतो, मोठा वेगळा, काही जातींच्या अंगात शैवालं राहतात आणि ती उजेडात कार्बन खाऊन कवचाचा आकडा बदलतात. वरच्या सॅम्पलमध्ये मोठे आणि खालच्यात लहान घेतले तर ग्राफमध्ये जो सुंदर उतार दिसेल तो हवामानाचा नसून चाळणीचा असेल.

जाती ओळखायला सुरुवातीला पाचच शिका.

ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर म्हणजे तीन बुडबुडे एकमेकांना चिकटलेले, ही अगदी वरच्या पाण्यातली, पावसाळ्याचा आणि खारेपणाचा अभ्यास करायचा तर हीच. हिच्यात एक गुलाबी रंगाची जात असते, ती हिंद महासागरातून साधारण १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीशी झाली (अटलांटिकमध्ये अजून आहे), म्हणून तुमच्या कोअरमध्ये गुलाबी रुबर दिसायला लागली की समजा तुम्ही बरेच खाली आलात. फुकटात मिळालेली तारीख! सॅक्युलिफर, शेवटचा कप्पा थैलीसारखा लोंबणारा. बुलॉइडीस, चार कप्पे आणि मोठं उघडं तोंड, खालचं थंड पाणी वर येतं तिथे ही माजते, म्हणून अरबी समुद्राच्या पश्चिमेला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर बघायला हिला शोधतात. ऑर्ब्युलिना, सरळ साबुदाणा, हिला ओळखायला चुकलात तर दुसरा विषय घ्या. आणि तळाची एक, सिबिसिडॉइडीस वुएलरस्टॉर्फी, चपटी, गाळाच्या वर राहणारी. ही मिळाली तर सोनं. हिच्याऐवजी युव्हिजेरिना घेतली तर लक्षात ठेवा की ती चिखलाच्या आत राहते, तिचा कार्बन तळाच्या पाण्याचा नसतो, आणि ऑक्सिजनमध्ये दोघींत साधारण ०.६४ पर मिलचा फरक धरतात, म्हणून अर्धा कोअर हिचा नि अर्धा तिचा असं सांधायला जाल तर तो फरक लावल्याशिवाय नको.

बसायची पद्धत: काळा ट्रे, त्यावर चौकोन आखलेले, दाणे एका थरात विरळ पसरायचे, ट्रिपल झिरो नंबरचा ब्रश टोकाला डिस्टिल्ड पाण्याने जरासा ओला करायचा, दाण्याला टेकवला की तो चिकटून येतो. ब्रश जिभेवर लावायची सवय सगळ्यांना असते, शाळेतल्या चित्रकलेपासूनची, ती पहिल्या दिवशी सोडा. पंखा बंद. मे महिन्यात बंद पंख्याखाली बसणं म्हणजे काय ते मी सांगायला नको, पण ज्याने एकदा पंखा लावून अडीचशे रुबर उडालेल्या बघितल्या तो परत लावत नाही. एसीत हवा फार कोरडी झाली की दाण्यांना स्थिर वीज लागते आणि ते ब्रशजवळ नेलं की उड्या मारतात, त्या मानाने आपली दमट हवा बरी. शिंक आली तर आधी तोंड फिरवा, मग शिंका. चहा, पोई, पातळ भाजी, जे काय असेल ते दुसऱ्या टेबलावर.

निवडलेले दाणे स्लाईडवर ठेवताना डिंक लावू नका. मोजणीच्या स्लाईडवर डिंक चालतो, मशीनला जाणाऱ्या दाण्यांना नाही, डिंकातही कार्बन आणि ऑक्सिजन असतो की.

एका दाण्याचं वजन त्या मापात १० मायक्रोग्रॅमच्या आसपास. मशीनला असे चार-पाच दाणे पुरतात, पण तुम्ही पंधरा-वीस घ्या. वर तरंगणारा एक फोरॅम साधारण महिनाभर जगतो फक्त, एकटा दाणा म्हणजे कुठल्यातरी एका वर्षाचा एक महिना, पावसाळ्यातला की हिवाळ्यातला ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं. वीस दाणे मिळून जरा सरासरी येते. दोन तासांत एक सॅम्पल झाला तर पहिल्या महिन्यासाठी उत्तम.

साफ करणं आणि वजन

नुसत्या ऑक्सिजन-कार्बनसाठी फार सोपस्कार नाहीत. दाणे दोन काचांमध्ये हलके दाबून फोडायचे, कप्पे उघडले पाहिजेत एवढंच, पीठ नाही करायचं, मग मिथेनॉल घालून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये काही सेकंद, वर गढूळ आलेलं लगेच काढून टाकायचं, परत एकदा, आणि ५० अंशाखाली वाळवायचे. बाथमध्ये ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत आल्यावर पांढरं पाणी मिळेल.

मग मायक्रोबॅलन्सवर ४० ते ६० मायक्रोग्रॅम. सगळ्या कुप्यांत सारखं वजन ठेवा, कमी-जास्त झालं की गॅसचा सिग्नल कमी-जास्त होतो आणि आकडा सरकतो. काट्याला हात टेकवू नका, दरवाजा आपटू नका.

मशीन

बघा, किती उशिरा आलं. बहुतेक ठिकाणी कार्बोनेटसाठी कील नावाचं उपकरण मास स्पेक्ट्रोमीटरला जोडलेलं असतं. प्रत्येक कुपीत ७० अंशावर तीव्र फॉस्फोरिक आम्लाचे थेंब पडतात, कवच विरघळून कार्बन डायऑक्साईड निघतो, तो द्रव नायट्रोजनच्या थंडीने गोठवून पाणी वेगळं काढतात आणि शुद्ध गॅस मशीनमध्ये सोडतात. आत त्याचे आयन होऊन चुंबकातून वळतात, जड कमी वळतात, हलके जास्त, आणि ४४, ४५, ४६ अशा तीन वस्तुमानांचे तीन कप त्यांना मोजतात. ४५ मध्ये मुख्यतः कार्बन-१३, ४६ मध्ये मुख्यतः ऑक्सिजन-१८. कुप्या लावल्या की ते रात्रभर आपोआप चालतं, तुम्ही घरी जेवायला जाऊ शकता, फक्त पावसाळ्यात लाईट जाते त्याचा विचार करून जा. युपीएस आहे का, किती वेळ चालतो, हे रन लावायच्या आधी विचारायचं, मधरात्री नाही.

आकडा येतो तो डेल्टामध्ये: नमुन्यातलं जड-हलक्याचं गुणोत्तर भागिले स्टँडर्डचं (तुलनेसाठी ठरवलेल्या नमुन्याचं) गुणोत्तर, वजा एक, गुणिले हजार. मूळ स्टँडर्ड म्हणजे अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या पीडी थरातला एक बेलेमनाईट जीवाश्म, तो कधीच संपला, आता त्याच्या नावाची व्हिएन्ना पीडीबी मोजपट्टी चालते आणि ती एनबीएस-१९ नावाच्या कार्बोनेटने बांधलेली, त्याचा कार्बन अधिक १.९५, ऑक्सिजन उणे २.२०. तोही दुर्मिळ झाल्यावर आयएईए-६०३ आला. असा महाग माल रोज कोण वापरणार, म्हणून प्रत्येक लॅबचा घरचा एक संगमरवर असतो, त्याचा आकडा आंतरराष्ट्रीय स्टँडर्डवर तपासून ठेवलेला.

इथे एकच हट्ट धरा: दर पाच-सहा सॅम्पलमागे एक स्टँडर्ड, सुरुवातीला आणि शेवटीही. रन संपल्यावर आधी फक्त स्टँडर्ड बघा, आपले सॅम्पल उघडूच नका. स्टँडर्डचा ऑक्सिजन ०.०८ पर मिलच्या आत आणि कार्बन ०.०५ च्या आत बसतोय का, सकाळपर्यंत एका बाजूला सरकत तर नाही ना गेला? सॅम्पल आधी बघितले की मन त्यांच्या प्रेमात पडतं आणि मग स्टँडर्ड वाईट असला तरी "चालेल" वाटायला लागतं. आणि दहातला एक सॅम्पल दोनदा मोजा, दोन वेगळ्या निवडींतून. त्या दोघांतला फरक हीच तुमची खरी चूक, मशीनच्या कागदावर छापलेली नव्हे.

आकडा वाचणं

समजा कोअरच्या टोकाला रुबर उणे २.५ आणि हिमयुगात उणे ०.७. फरक १.८. त्यातला १.० बर्फाचा म्हणून काढून टाका. उरला ०.८. दर अंशाला ०.२२ धरलं तर साडेतीन अंश थंड, असं नवखा लिहून मोकळा होतो. पण थांबा, समुद्र खारट झाला तरी आकडा जड होतो. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त म्हणून पाणी खारट आणि जड, बंगालच्या उपसागरात नद्यांचं पाणी म्हणून गोडसर आणि हलकं, म्हणजे एकाच तापमानाला दोन बाजूंचे दोन आकडे. हिमयुगात पाऊस कमी झाला असेल तर त्या ०.८ मध्ये त्याचाही वाटा असणार. किती?

हे सोडवायला त्याच कवचातलं मॅग्नेशियम मोजतात. पाणी गरम असलं की कॅल्साईटमध्ये कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम जास्त घुसतं, दर अंशाला साधारण ९ टक्के. नेहमीच्या समीकरणाने २८ अंशाला ते कॅल्शियमच्या एका मोलमागे ४.७ मिलिमोल येतं आणि २५ अंशाला ३.६. म्हणजे हिमयुगातल्या रुबरमध्ये ३.६ मिळालं तर थंडी तीन अंशांची, तिचा हिस्सा ०.६६, आणि उरलेला ०.१४ फक्त खारेपणाचा. आता हा ०.१४ तुमच्या चुकीच्या मर्यादेपेक्षा किती मोठा आहे ते बघा आणि मगच "पाऊस कमी झाला" असं लिहा. बर्फाचा १.०, दर अंशाचा ०.२२, मॅग्नेशियमचं समीकरण, सगळ्यांच्या आपापल्या चुका असतात आणि त्या बेरजेने वाढतात. मला विचाराल तर त्या ०.१४ वर मी काहीच लिहिणार नाही.

मॅग्नेशियमसाठी सफाई मात्र कडक लागते, चिकणमातीत मॅग्नेशियम भरपूर असतं. पाणी, मिथेनॉल, परत पाणी, असं पुन्हा पुन्हा, मग अल्कलीयुक्त हायड्रोजन पेरॉक्साईडने सेंद्रिय भाग जाळायचा, शेवटी अगदी सौम्य आम्लाचा एक हात. सोबत अ‍ॅल्युमिनियम आणि मँगनीज मोजा. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम एकत्र वरखाली होत असतील तर तुम्ही समुद्र नाही, चिखल मोजताय.

एक छोटा खड्डा ज्यात दरवर्षी कोणीतरी पडतो: जुन्या तापमान समीकरणात कवच पीडीबी पट्टीवर असतं आणि पाणी स्मो (समुद्राच्या सरासरी पाण्याच्या) पट्टीवर, पाण्यातून ०.२७ वजा करून मगच समीकरणात घालायचं. विसरलात तर सगळा कोअर एका अंशाने चुकतो, आणि ग्राफचा आकार तसाच दिसत असल्याने कोणाला पत्ता लागत नाही.

वय

खोलीवर काढलेला ग्राफ म्हणजे अजून कहाणी नाही, तारीख हवी. ५०,००० वर्षांपर्यंत रेडिओकार्बन, अर्धायुष्य ५,७३० वर्षं. त्यालाही फोरॅमच लागतात, पण काही मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅमला पाचशे दाणे, परत ट्रे! समुद्राचं पाणी मुळातच म्हातारं असतं, वरच्या पाण्यातला जिवंत जीवसुद्धा साधारण ४०० वर्षं जुना दाखवतो, ती वजावट कॅलिब्रेशन करताना, म्हणजे रेडिओकार्बनची वर्षं खऱ्या वर्षांत बदलताना होते. आता मरीन-२० ही वक्ररेषा वापरतात, आणि स्थानिक फरकाचा आकडा जुन्या पेपरातून जसाच्या तसा उचलायचा नाही, तो जुन्या वक्ररेषेसाठी काढलेला असतो, नव्यासाठी परत काढावा लागतो. कोअरमध्ये दोन तारखा आणि मधे पट्टीने रेघ, असं करू नका, निदान पाच-सहा तरी घ्या.

बोरॉन वगैरे

हे सगळं जमल्यावर लोकांना बोरॉन खुणावतो. बोरॉनचे १० आणि ११ असे दोन आयसोटोप, त्यांचं कवचातलं प्रमाण पाण्याच्या पीएचवर ठरतं, म्हणून त्यावरून जुन्या समुद्राची आम्लता आणि पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साईडचा अंदाज निघतो. भारी आहे, पण कवचात बोरॉन दशलक्ष भागांत दहाच्या आसपास, आणि नेहमीच्या लॅबच्या काचेत बोरॉन, हवेच्या फिल्टरमध्ये बोरॉन, म्हणजे काचेचं भांडं वापरलंत की तुम्ही भांड्याचाच आयसोटोप मोजलात. सगळं टेफ्लॉनमध्ये, खास स्वच्छ खोलीत, वेगळ्या प्लाझ्मा मशीनवर. पहिल्या वर्षी नको. निओडिमियमवरून तळाचं पाणी कुठून आलं ते काढतात, तेही नंतर.

ठेवणं

उरलेले दाणे, फोडून उरलेले तुकडे, ६३ वरचा न निवडलेला माल, काही टाकू नका. पाच वर्षांनी कोणीतरी दुसरा आयसोटोप मोजायला येईल आणि परत चिखल धुवायची वेळ येईल. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे स्लाईडवर बुरशी येते, पुठ्ठ्याच्या स्लाईडवर तर हमखास. सिलिका जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून परत घाला.

आणि लेबल पेन्सिलने लिहा. जेल पेनने लिहिलेलं एका पावसाळ्यात फुटतं, माझ्याकडे अजून एक डबा आहे ज्यात चौदा कुप्या आहेत, दाणे सुंदर, सगळ्या रुबर, एका मापाच्या, आणि त्या कुठल्या खोलीवरच्या ते आता कोणालाच वाचता येत नाही.